व्हिएतनामी पासपोर्ट: अर्जापासून परदेशाच्या दारापर्यंत

१ जुलै २०२२ पासून व्हिएतनाम सरकारने आपल्या नागरिकांना जांभळट निळ्या मुखपृष्ठाचा नवा पासपोर्ट द्यायला सुरुवात केली. आतल्या पानांवर देशातील निसर्गाची आणि वारसास्थळांची चित्रे होती आणि छपाई अधिक सुरक्षित होती. मात्र जुन्या हिरव्या पासपोर्टवर असलेली जन्मस्थळाची ओळ या नव्या पुस्तिकेत नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस जर्मनीने हा पासपोर्ट मान्य करण्यास नकार दिला आणि पाठोपाठ स्पेन, चेक प्रजासत्ताक अशा देशांनीही अडचण मांडली. धारकाच्या बारा अंकी ओळख क्रमांकातून जन्मप्रांत कळतो हे खरे असले, तरी तो संकेत परदेशी अधिकाऱ्याने कसा वाचावा? अखेर सप्टेंबर २०२२ पासून जन्मस्थळाचा शेरा मारून देण्याची सोय झाली, १ जानेवारी २०२३ पासून ती ओळ पुन्हा छापली जाऊ लागली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लागू झालेल्या कायद्यातील दुरुस्तीने ती कायद्यातही आली.

एक ओळ गळल्यामुळे शिक्षणासाठी, लग्नासाठी किंवा नोकरीसाठी निघालेल्या माणसांचे बेत खोळंबले. व्हिएतनामी नागरिकाच्या परदेश प्रवासात सर्वाधिक नुकसान अशाच लहान विसंगतींमुळे होते, आणि त्यांतील बहुतेक आधीच टाळता येतात. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. पुण्या-मुंबईतील कंपन्यांत व्हिएतनामी सहकाऱ्यांना बोलावणारे, हो चि मिन्ह शहरात किंवा हनोईत राहून तिथल्या सहकाऱ्यांना प्रवासासाठी मदत करणारे आणि व्हिएतनामी जोडीदाराशी संसार थाटलेले मराठी वाचक यांना त्याचा उपयोग व्हावा, अशी इच्छा आहे.

कोणता पासपोर्ट, किती मुदतीचा

व्हिएतनामी भाषेत पासपोर्टला ‘हो चिएउ’ म्हणतात. त्याचे तीन प्रकार आहेत: राजनैतिक, शासकीय आणि सामान्य. आपला संबंध सामान्य पासपोर्टशी. २०१९ साली संमत होऊन १ जुलै २०२० पासून अमलात आलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार चौदा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीचा पासपोर्ट दहा वर्षांचा आणि त्याहून लहान मुलाचा पाच वर्षांचा असतो. या मुदती वाढवून मिळत नाहीत. मुदत संपत आली की नवा पासपोर्ट काढावा लागतो आणि त्याचा क्रमांकही नवा असतो. पूर्वी लहान मुलाचे नाव आईवडिलांच्या पासपोर्टमध्ये घालता येत असे. आता तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो.

मार्च २०२३ पासून इलेक्ट्रॉनिक चिप असलेला पासपोर्ट मिळू लागला आहे. चौदा वर्षांवरील अर्जदाराला चिपसह किंवा चिपविना यांपैकी एक निवडता येतो आणि दोन्हींचे शुल्क सारखेच आहे. माझा स्पष्ट सल्ला चिपच्या बाजूचा आहे, कारण दहा वर्षांच्या मुदतीत स्वयंचलित तपासणीची दारे सगळीकडे वाढतच जाणार आहेत. चौदा वर्षांखालील मुलांचा आणि संक्षिप्त पद्धतीने दिलेला, म्हणजे जास्तीत जास्त बारा महिने चालणारा, पासपोर्ट चिपविना असतो.

अर्ज कसा करावा

पहिली पायरी पासपोर्टची नसून ओळखपत्राची आहे. ‘कान कुओक’ या नागरिक ओळखपत्रावरील नाव, जन्मतारीख आणि क्रमांक राष्ट्रीय लोकसंख्या माहितीकोशातील नोंदींशी जुळतात का, हे आधी पाहावे. पासपोर्टचा अर्ज याच माहितीकोशाशी ताडून पाहिला जातो; तिथे जन्मदाखल्याशी विसंगत नोंद असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनाममधील ६३ प्रांतांची पुनर्रचना होऊन ३४ प्रांतस्तरीय घटक झाले आणि जिल्हा हा प्रशासकीय स्तर रद्द झाला. यामुळे पत्त्यांची नावे बदलली असली, तरी जुन्या नावांनी दिलेली कागदपत्रे त्यांच्या मुदतीपर्यंत चालतात. मात्र एकाच व्हिसा अर्जात एका कागदावर जुना प्रांत आणि दुसऱ्यावर नवा प्रांत येत असेल, तर दोन ओळींचे स्पष्टीकरण सोबत जोडणे शहाणपणाचे ठरेल.

दुसरी पायरी म्हणजे ‘व्हीएनईआयडी’ या शासकीय ॲपवरील दुसऱ्या स्तराचे खाते. त्यासाठी एकदा पोलीस कार्यालयात प्रत्यक्ष जावे लागते. खाते सुरू झाले की सरकारी सेवा संकेतस्थळावरून पासपोर्टचा अर्ज घरबसल्या भरता येतो. अर्जाचा नमुना ‘टीके०१’ या नावाने ओळखला जातो. छायाचित्र चार गुणिले सहा सेंटिमीटरचे, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, चष्मा न लावता आणि डोके न झाकता काढलेले हवे. अर्ज परत येण्याचे एक नेहमीचे कारण छायाचित्र हेच असते, तेव्हा मोबाइलवर घाईने काढलेला फोटो चढवण्याऐवजी स्टुडिओत जाऊन हवी ती प्रत घ्यावी. लहान मुलासाठी जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांची सही लागते. आधीचा पासपोर्ट मुदतीत असेल तर तो सादर करावा लागतो.

ऑनलाइन अर्ज जमत नसेल तर प्रांताच्या पोलीस विभागातील प्रवेश-निर्गमन कार्यालयात प्रत्यक्ष अर्ज करता येतो आणि नागरिक ओळखपत्र असलेल्या व्यक्तीला त्यासाठी मूळ प्रांतातच जाण्याची सक्ती नाही. मेकाँगच्या मुखाशी जन्मलेला आणि दा नांगमध्ये काम करणारा तरुण दा नांगमध्येच अर्ज देऊ शकतो. प्रांतिक कार्यालयाला आठ कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे. दुसऱ्या वेळेपासूनचा पासपोर्ट केंद्रीय प्रवेश-निर्गमन विभागाकडून पाच कामकाजाच्या दिवसांत मिळतो. मूळ शुल्क २,००,००० डाँग असून हरवलेल्या किंवा खराब झालेल्या पासपोर्टच्या बदली ते दुप्पट, म्हणजे ४,००,००० डाँग होते. अर्थ मंत्रालय वेळोवेळी या शुल्कात सवलत देते, त्यामुळे भरणा करताना दिसणारी रक्कम याहून कमी असू शकते.

एवढ्या सरळ कामासाठी दलाल कशाला हवा? तरीही कार्यालयांच्या आसपास दलाल असतात. व्हिएतनामी बोलीत त्यांना ‘को’, म्हणजे बगळा, म्हणतात. त्यांनी घाईत भरलेल्या अर्जातील चूक नंतर धारकालाच निस्तरावी लागते. अर्ज स्वतः भरावा, किंवा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाला शेजारी बसवून भरावा.

पासपोर्ट हातात आल्यावर लगेच प्रत्येक अक्षर तपासावे. माहितीच्या पानावरचे नाव, लिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि ओळख क्रमांक हे सगळे तिथेच उभे राहून वाचावे.

नावाचा गुंता

मराठी माणसाचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून हे थोडे सावकाश पाहू. व्हिएतनामी नावात आडनाव आधी, मधले नाव नंतर आणि स्वतःचे नाव शेवटी असते. न्गुयेन थी होआ हे काल्पनिक नाव घेतले, तर न्गुयेन हे आडनाव, थी हे मधले नाव आणि होआ हे तिचे स्वतःचे नाव. तिला हाक मारायची तर होआ म्हणूनच मारतात. व्हिएतनामी पासपोर्टवर आडनाव आणि नाव असे दोन वेगळे रकाने नसून पूर्ण नाव एकाच ओळीत छापलेले असते, आणि विमानाच्या तिकिटाचा अर्ज किंवा व्हिसाचा नमुना मात्र दोन रकाने विचारतो. मग कोणी होआ हे आडनाव म्हणून भरते, कोणी थी गाळते.

याचे उत्तर त्याच पानाच्या तळाशी असते. यंत्राने वाचण्यासाठी छापलेल्या दोन ओळींपैकी पहिलीत देशाच्या संकेतानंतर आडनाव येते, मग बाणासारखी दोन चिन्हे सलग येतात आणि त्यांच्यानंतर उरलेले नाव. या जोडचिन्हाच्या डावीकडे जे आहे तेवढेच आडनावाच्या रकान्यात लिहावे आणि उजवीकडचे सर्व, मधल्या नावासह, नावाच्या रकान्यात लिहावे. व्हिएतनामी लिपीतील स्वरांवरची चिन्हे या ओळीत नसतात आणि आडव्या रेघेचा ‘डी’ साध्या ‘डी’ने दाखवला जातो, तिकीट, व्हिसा आणि प्रवास विमा या तिन्हींवर हेच चिन्हविरहित रूप वापरावे.

आणखी एक गोष्ट. व्हिएतनाममध्ये लग्नानंतर स्त्री आपले माहेरचे नावच ठेवते. तेव्हा मराठी घरात आलेल्या व्हिएतनामी सुनेचे नाव कौतुकाने काहीही ठेवले, लग्नपत्रिकेत सासरचे आडनाव छापले, तरी विवाह नोंदणीचा अर्ज, बँक खाते आणि व्हिसा या सर्व ठिकाणी पासपोर्टवरचेच नाव जावे. विवाह प्रमाणपत्रावर वेगळे नाव पडले, तर पुढे जोडीदाराच्या व्हिसापासून मुलाच्या जन्मदाखल्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत, हे तिलाच सिद्ध करत बसावे लागते. हा त्रास तिच्या वाट्याला येऊ नये, याची काळजी लग्नाच्या वेळीच घ्यायला हवी.

व्हिसाशिवाय कुठे जाता येते

आगाऊ व्हिसा न काढता व्हिएतनामी नागरिक ज्या देशांत आणि प्रदेशांत जाऊ शकतो, त्यांची संख्या मोजणीच्या पद्धतीनुसार पन्नाशीच्या आसपास भरते. यांतील खरोखर उपयोगाचा गट शेजाऱ्यांचा आहे. आसियान या आग्नेय आशियाई संघटनेतील देशांनी २५ जुलै २००६ रोजी क्वालालंपूर येथे व्हिसामाफीचा आराखडा करार केला आणि त्याआधी किंवा नंतर झालेल्या द्विपक्षीय करारांनी मुक्कामाचे दिवस ठरले. थायलंडला व्हिसाशिवाय जाता येते; मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, लाओस आणि कंबोडिया येथे तीस दिवस, फिलिपिन्समध्ये एकवीस, तर ब्रुनेई आणि म्यानमारमध्ये चौदा दिवस राहता येते. आग्नेय आशियाबाहेर कझाकस्तानने तीस दिवसांची आणि चिलीने नव्वद दिवसांची सवलत सामान्य पासपोर्टधारकांना दिली आहे.

व्हिसा नको याचा अर्थ काहीच नको असा होत नाही. थायलंडने १ मे २०२५ पासून आगमनाची डिजिटल नोंद सर्व परदेशी प्रवाशांना सक्तीची केली. मलेशिया, सिंगापूर आणि फिलिपिन्स यांचीही अशीच ऑनलाइन नोंद आहे. त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ती विनाशुल्क होते. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले की ते अधिकृत नाही असे समजून बाहेर पडावे. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे दाखवायची तयारी ठेवावी, कारण व्हिसामाफी असूनही प्रवेश द्यायचा की नाही हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो, आणि एकट्याने प्रवास करणाऱ्या तरुण व्हिएतनामी स्त्रियांना हे प्रश्न विशेष विचारले जातात. हे अन्यायाचे वाटते, पण कागद हाताशी असले की संभाषण लवकर आटोपते.

चीनला मात्र व्हिसा लागतो. सीमेवरच्या प्रांतांतील रहिवाशांसाठी ‘सीमा परवाना’ असतो आणि मोंग काई किंवा लाओ काई येथून पलीकडच्या ठरावीक भागात त्यावर जाता येते, परंतु त्या परवान्यावर पुढे ग्वांगझू किंवा बीजिंग गाठता येत नाही.

व्हिसाची फाइल

एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणारे युरोपातील शेंगेन देश, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान आणि दक्षिण कोरिया यांसाठी व्हिसा आधी काढावा लागतो. प्रत्येकाचा नमुना वेगळा असला, तरी अधिकाऱ्याच्या मनातले प्रश्न तीनच असतात: हा माणूस का जातो आहे, खर्च कोण करणार आहे आणि तो परत येईल का. फाइल याच क्रमाने लावावी.

परत येण्याचा पुरावा म्हणजे व्हिएतनाममधील बांधिलकी. नोकरीचा करार, मालकाने दिलेले रजेचे पत्र, गेल्या काही महिन्यांच्या पगाराच्या नोंदी असलेले बँकेचे विवरण, ‘सो तिएत किएम’ हे बचत पुस्तक आणि जमिनीच्या हक्काची ‘सो दो’, म्हणजे लाल वही, हे नेहमीचे कागद आहेत. स्वतःचा व्यवसाय असेल तर नोंदणी आणि कर भरल्याच्या पावत्या. पूर्वी कुटुंब नोंदवहीची प्रत जोडत. ती कागदी वही १ जानेवारी २०२३ पासून रद्द झाली असून तिच्याऐवजी निवास माहितीचा ‘सीटी०७’ दाखला पोलिसांकडून घ्यावा. सर्व कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल, आणि भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टवरील नावाचे रूप आधी लिहून द्यावे.

बँकेत अर्जाच्या आधल्या आठवड्यात मोठी रक्कम आणून ठेवण्याची पद्धत बरीच रूढ आहे, आणि ती घातक आहे. खात्यात दरमहा येणारा बेताचा पगार अचानक आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा अधिक विश्वसनीय दिसतो. खर्च नातेवाईक करणार असेल तर तसे सांगावे, त्याचे पत्र आणि त्याचे उत्पन्न दाखवावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

शेंगेन व्हिसाचे नियम ठरलेले आणि सर्वांना सारखे आहेत. मुक्काम जिथे सर्वाधिक दिवस असेल त्या देशाकडे अर्ज करावा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान पंधरा दिवस आधी देता येतो. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा लागतो; पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून तिकिटाचे आरक्षण रद्द करता येईल असेच ठेवावे.

अमेरिकेच्या पर्यटन-व्यवसाय व्हिसाचे शुल्क १८५ डॉलर असून हनोईतील दूतावासात किंवा हो चि मिन्ह शहरातील महावाणिज्य दूतावासात मुलाखत होते. मुलाखत थोडक्यात आटोपते. पाठ केलेली उत्तरे लगेच ओळखू येतात. अर्जात जे लिहिले तेच साध्या शब्दांत, आपल्या भाषेत सांगावे. जपानने १ नोव्हेंबर २०२३ पासून सहलीच्या पॅकेजमधून जाणाऱ्या व्हिएतनामी पर्यटकांना इलेक्ट्रॉनिक व्हिसा देऊ केला आहे.

तैवानची एक सवलत फारशी कुणाला ठाऊक नसते. अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, ब्रिटन, शेंगेन अशा ठरावीक देशांचा व्हिसा ज्याच्याकडे आहे, किंवा गेल्या दहा वर्षांत होता, त्या व्हिएतनामी नागरिकाला ऑनलाइन प्रवास परवाना घेऊन तैवानला जाता येते. भारतीयांनाही हीच सोय आहे. तैवानमध्ये पूर्वी कामगार म्हणून काम केलेल्यांना मात्र ती मिळत नाही.

प्रवासाचा इतिहास टप्प्याटप्प्याने उभा करावा, असे मला वाटते. आधी थायलंड किंवा सिंगापूर, मग दक्षिण कोरिया किंवा जपान आणि त्यानंतर युरोप, अशी वाट ज्याला परवडेल त्याने धरावी. प्रत्येक वेळी मुदतीत परत आल्याची नोंद पुढच्या अर्जात कामी येते.

आणि पर्यटन व्हिसावर कामाला जाऊ नये. डिसेंबर २०१८ मध्ये तैवानच्या काओशुंग शहरात आलेल्या १५३ व्हिएतनामी पर्यटकांपैकी १५२ जण गटातून नाहीसे झाले आणि त्यानंतर प्रामाणिक पर्यटकांवरची तपासणी कडक झाली. २३ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात एका मालवाहू ट्रकच्या कंटेनरमध्ये ३९ व्हिएतनामी माणसे मृतावस्थेत सापडली; त्यांत किशोरवयीन मुलेही होती. कर्ज काढून, तस्करांना पैसे देऊन ही माणसे निघाली होती. परदेशी काम करायचे असेल तर परवानाधारक संस्थेमार्फत किंवा सरकारी कार्यक्रमातून लेखी करार करूनच जावे. कामगारांकडून दलाली घेणे २०२२ पासून लागू असलेल्या कायद्याने निषिद्ध आहे, हे गावाकडच्या प्रत्येक तरुणाला ठाऊक असायला हवे.

निघताना

व्हिएतनामच्या कायद्यात पूर्वी देशाबाहेर जाताना पासपोर्टची सहा महिने मुदत उरलेली असणे बंधनकारक होते. ऑगस्ट २०२३ च्या दुरुस्तीने ती अट काढली. तथापि बहुतेक शेजारी देश आणि विमान कंपन्या सहा महिन्यांची मुदत पाहतातच, तेव्हा सात-आठ महिने उरले की नवा पासपोर्ट काढावा. जुन्या पासपोर्टमधील व्हिसा चालू असेल तर दोन्ही पुस्तिका एकत्र न्याव्यात.

व्यावसायिकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. २८ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ५ कोटी डाँग किंवा अधिक कर १२० दिवसांहून जास्त काळ थकवलेल्या वैयक्तिक व्यावसायिकाला आणि ५० कोटी डाँग किंवा अधिक थकबाकी तितकाच काळ असलेल्या कंपनीच्या कायदेशीर प्रतिनिधीला देशाबाहेर जाण्यापासून रोखता येते. विमानतळावर हे कळणे फार उशिराचे असते; कर विभागाच्या नोंदी आदल्या महिन्यातच पाहाव्यात.

नोई बाई, तान सोन न्हात, दा नांग, काम रान्ह आणि फू क्वोक या विमानतळांवर स्वयंचलित दारे आहेत. चिपचा पासपोर्ट असेल तर थेट जाता येते, नसेल तर तिथे एकदा नोंदणी करावी लागते. या दारातून गेल्यास पासपोर्टवर शिक्का आपोआप पडत नाही. पुढच्या व्हिसासाठी तो पुरावा म्हणून हवा असेल तर अधिकाऱ्याकडे मागावा.

भारतात येताना, आणि पासपोर्ट हरवला तर

व्हिएतनामी नागरिकाला भारताचा ई-व्हिसा मिळतो. बोधगया आणि सारनाथच्या यात्रेकरूंपासून पुण्यातील कारखान्यात प्रशिक्षणाला येणाऱ्या अभियंत्यांपर्यंत सर्वांनी आधी उद्देश नीट निवडावा: बैठकीला येणाऱ्याने पर्यटन व्हिसा घेऊ नये. पाहुणा घरी उतरणार असेल तर यजमानाने त्याची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणीच्या संकेतस्थळावर कळवणे आवश्यक आहे. हॉटेले हे नेहमी करतात, घरचे यजमान विसरतात.

पासपोर्ट व्हिएतनाममध्ये हरवला तर लक्षात आल्यापासून ४८ तासांच्या आत प्रवेश-निर्गमन कार्यालयाला कळवावे लागते आणि कळवताच तो रद्द होतो. पुढे तो सापडला आणि त्यात चालू व्हिसा असेल, तर वैधता पुन्हा मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. म्हणून सापडलेली पुस्तिका फेकू नये. महाराष्ट्रात असताना हरवला तर आधी पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मुंबईतील व्हिएतनामच्या महावाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा. तातडीने परतायचे असल्यास तिथून संक्षिप्त पद्धतीचा अल्पमुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. त्या नव्या पुस्तिकेत भारतीय व्हिसा नसल्याने परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून निर्गमन परवानाही ऑनलाइन घ्यावा लागतो, आणि तो हाती येईपर्यंत परतीचे तिकीट पक्के करू नये. माहितीच्या पानाची, भारतीय व्हिसाची आणि आगमनाच्या शिक्क्याची छायाचित्रे ईमेलवर आधीच ठेवावीत, कारण या तिन्ही ठिकाणी अर्ज भरताना तीच सर्वांत आधी मागितली जातात.